चौदावा महिना

कवडूला तिसऱ्यांदा "नाही" ऐकावं लागलं, तरी बेटा काही पायरीवरून उठला नाही.

"काकू, मी का खाऊन टाकतो का तिले? तासाभरासाठी द्या. तुमच्यासमोर उघडतो, तुमच्यासमोर बंद करतो."

"डोकं नको खाऊ रे माझं," अरुंधतीबाई म्हणाल्या. "ह्यांनी सांगून ठेवलंय, कोणाला द्यायची नाही म्हणून. गेलेल्या माणसाचा शब्द आहे. तुझ्यासाठी मोडू होय?"

ती म्हणजे एक फ्लॉपी. काळी, चौकोनी, कागदी पाकिटातली. दोन वर्षांमागे, सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये, श्रीधररावांनी ती बायकोच्या हातात दिली आणि देवघराच्या कपाटात ठेवायला लावली. "कोणीही मागो, द्यायची नाही," एवढंच बोलले. पुढल्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात ते गेले. फ्लॉपी राहिली कपाटात, कापसाच्या वातींच्या डब्याशेजारी.

अरुंधतीबाईंना तेव्हाच नवल वाटलं होतं. कारण हा माणूस आयुष्यभर उलटा वागला. सरकारी आकडेवारीच्या कचेरीत पंचवीस वर्षं कार्डांना भोकं पाडणाऱ्या यंत्रांवर काढली, निवृत्त झाले आणि सक्करदऱ्याच्या वाचनालयाला देणगीत मिळालेल्या संगणकापुढे जाऊन बसले. तिथे त्यांनी 'पाटी' लिहिली. पाटी म्हणजे पडद्यावरची पानं. एक नंबरचं पान म्हणजे सूची. सात नंबरला कोणता डॉक्टर कोणत्या वारी बसतो ते. नऊला बसच्या वेळा. बाराव्या पानावर रक्त देणाऱ्यांची नावं, गट, फोन. एका पानावरून दुसऱ्यावर जायचं तर नंबर दाबायचा. नवं पान घालायचं, जुनं बदलायचं, तर कोणा पंडिताची गरज नाही. टंकलेखन येणारी पोरगीसुद्धा करू शकायची.

आणि हे सगळं फुकट. नुसतं फुकट नाही, उघडं. आतला प्रोग्राम ओळ न् ओळ वाचता येईल असा. "घेऊन जा, खोलून बघा, तुमच्या कामाचा करून घ्या," असं सांगत ते फ्लॉप्या वाटायचे. अटी दोनच. बदललंत तर बदललेलं दुसऱ्याला द्यायचं. आणि दुरुस्ती केली की तिच्याखाली टीप लिहायची: काय चुकलं होतं, कोणी नीट केलं, कधी. ही टीप चालत्या पाटीवर दिसत नसे. प्रोग्राम उघडून बसेल त्यालाच दिसे. "चूक लपवली की ती पिल्लं घालते," हे त्यांचं पालुपद होतं. ऐकून ऐकून अरुंधतीबाईंचे कान किटले होते.

पाटी सात ठिकाणी गेली. दोन वाचनालयं, एक कॉलेज, इतवारीतल्या दाणेवाल्यांचा संघ, आणि कवडू नोकरीला होता ते धर्मादाय इस्पितळ, असं करत करत. मग त्या मार्चमध्ये श्रीधरराव सायकलवरून सातही ठिकाणी फिरले. जुन्या फ्लॉप्या परत घेतल्या, नव्या दिल्या. नव्या पाटीला आतून कुलूप होतं. पानं चालत, पण प्रोग्राम वाचता येत नसे; वाचता येणारी पाटी उरली ती देवघराच्या कपाटातल्या फ्लॉपीत. कवडूने विचारलं, "सर, काहून?" तर सर म्हणाले, "म्हातारपण आलं, भीती वाटते कोणी बिघडवेल." कवडूला ते पटलं नाही, पण गुरूपुढे तोंड कोण उघडतो!

"आता मात्र गाडी अडली ना, काकू," कवडू पायरीवरून सांगून राहिला होता. "फोनचे आकडे पाचाचे सहा झाले. पाटीत पाचच घरं हाय. सहावा टाकला की गळून पडते. मागच्या मंगळवारी एका बाळंतिणीले रक्त पायजे होतं. बारावं पान उघडलं, नाव दिसून राहिलं, अन् फोन लागून नाही राहिला. शेवटी शिपायाले सायकलवर पिटाळलं पार बेसा गावाले. नशीब, तो माणूस वावरातच होता."

"बाई वाचली का?"

"वाचली. पन दर वेळी सायकल पोचन का?"

अरुंधतीबाई उठल्या. हात धुतले, कपाट उघडलं, फ्लॉपी रुमालात गुंडाळली. "चल. पण माझ्या हातातच राहील. तुझ्या हातात देणार नाही मी."

दुपारी एक ते चार वाचनालय बंद असे, पण कवडूकडे किल्ली होती. आत कूलर घरघरत होता. कवडूने सांगितलं तशी अरुंधतीबाईंनीच फ्लॉपी खाचेत सरकवली. पडद्यावर ओळी येऊ लागल्या. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. बाई शाळामास्तरीण होत्या, त्यांना वाचता येत होतं. अधूनमधून टीप यायची. 'पान ९ ची वेळ चुकत होती, कवडूने नीट केलं, जून ८६.' ते वाचून कवडू लाजला. "लिवलं का सरनं माहं नाव!" बाईंना नवऱ्याचाच आवाज ऐकल्यासारखं वाटलं.

फोनची घरं बाराव्या पानाच्या तुकड्यात होती. कवडू तिथं पोचला, मोठ्याने वाचू लागला आणि मध्येच थांबला.

"काय झालं?"

त्याने पडद्याकडे बोट दाखवलं. बाईंनी चष्मा सावरला आणि स्वतःच वाचलं.

'टीप. रक्त दिलं की तीन महिने नाव लपवायचं, म्हणून महिन्याच्या आकड्यात तीन मिळवत होतो. नोव्हेंबर अकरावा, अकरात तीन चौदा. चौदावा महिना कधी येत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर रक्त दिलेली सगळी माणसं यादीतून कायमची गेली. चूक माझी. ११ फेब्रुवारीला एक मुलगी गेली. बी निगेटिव्ह. पाटीवर कोणी दिसलं नाही. तिघे होते. त्यांतला एक सक्करदऱ्यात राहतो. नीट केलं, श्रीधर, ९ मार्च ८७.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग खुर्चीचा हात घट्ट धरला.

"प्रेमलता," त्या म्हणाल्या. "कौशल्याची प्रेमलता."

कौशल्या म्हणजे सक्करदऱ्याच्या बाजारात भाजी विकणारी बाई. एकच पोरगी, सतरा वर्षांची. तिला सिकलसेल होता, रक्तातला तो आजार जो आपल्या भागात घरोघरी पोरं पोखरतो. फेब्रुवारीत तिचं रक्त एकदम उतरलं. श्रीधरराव दोन दिवस वणवण फिरले, कॉलेजच्या पोरांपुढे हात जोडले, पण त्या गटाचं माणूस मिळालं नाही. पोरगी गेली. तेव्हापासून कौशल्येला श्रीधरराव म्हणजे देव. ते गेल्यावर दर गुरुवारी ती त्यांच्या फोटोला हार घेऊन यायची. बाईंनी किती वेळा म्हटलं, अगं, कशाला खर्च करतेस? तर म्हणायची, "सख्ख्यानं केलं नाही तेवढं सरनं केलं, बाई."

"मीच बसलो होतो त्या दिवशी पाटीवर," कवडू म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "तिनं विचारलं, तं मीच म्हटलं, मावशी, कोनी नाही. तीनदा पाह्यलं मी, काकू. खरंच कोनी नव्हतं."

त्याने कळफलक जवळ ओढला. मग तो हळूच म्हणाला, "काकू, ही टीप मी पुसून टाकतो. चूक तं सरनं तेव्हाच नीट केली. आता उरलं ते नुसतं लिवलेलं. फोनची घरं वाढवतो, पाटी उघडी करून सातही जागी देतो. कोनाले काही कळनार नाही. पुढच्या महिन्यात वाचनालयात सरचा फोटो लागून राहिला. काहून उगीच?"

खरं सांगायचं तर बाईंच्या मनात आलं होतं, पूस म्हणावं. ओठांवर आलं होतं. चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाचं नाव घेतलं की अख्खा सक्करदरा हात जोडतो, आणि एका ओळीपायी ते मातीला मिळवायचं? तेही आपल्या हातांनी? राग आला तो नवऱ्याचाच आला. लपवायचं होतं तर लिहिलं कशाला! आणि लिहायचं धाडस होतं तर कुलूप कशाला घातलं! दीड वर्ष हा माणूस माझ्यासमोर बसून वरणभात जेवला आणि मला एक शब्द बोलला नाही. गुरुवारचा हार मी फोटोला घालून राहिले आणि त्या बाईला चहा पाजून राहिले.

"फोनचं तू नीट कर, फ्लॉपी राहू दे तुझ्यापाशी," त्या म्हणाल्या. "टिपेला हात लावू नको. शनिवारी सांगते."

दुसऱ्या दिवशीच गुरुवार होता. कौशल्या आली, नेहमीसारखी चपला दाराबाहेर काढून. बाईंनी तिच्या हातातून हार घेतला नाही.

"बस," त्या म्हणाल्या. "आधी ऐक. तुला बाहेरून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं."

त्यांनी सांगितलं. महिना कसा मोजला, कुठे चुकला, तिघे कसे झाकले गेले, आणि ह्यांना कळल्यावर ह्यांनी कसं कुलूप घातलं. काही झाकलं नाही, काही गोड केलं नाही. शेवटपर्यंत सांगितलं.

कौशल्या खाली बघत बसली होती. मग तिने विचारलं, "तो मानूस, सक्करदऱ्यातला. कुठं राह्यते?"

"मला ठाऊक नाही गं. नाव पाटीवर असेल."

"माह्या दुकानावरून जात असन तो. भाजी नेत असन." एवढं बोलून ती उठली, चपला घातल्या आणि निघून गेली. हार तिच्या हातातच होता. बाई दारात उभ्या राहिल्या, हाक मारायचं धैर्य झालं नाही. दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही.

शनिवारी दुपारी त्या वाचनालयात गेल्या. कवडूने सहा घरं करून ठेवली होती, सात कोऱ्या फ्लॉप्या आणल्या होत्या.

"मंग पुसू?" त्याने विचारलं.

"नाही. आहे तशी जाईल. त्यांची रीत होती, टीप राहते. स्वतःपुरती मोडली त्यांनी, मी नाही मोडणार." आणि बोलता बोलता त्या रडू लागल्या. "फोटो लागो नाहीतर न लागो."

तेवढ्यात दार लोटून कौशल्या आत आली. बाईंच्या घरी जाऊन आली होती. शेजारणीने इथे पाठवलं. डोक्यावरचा पदरसुद्धा सरळ नव्हता. ती थेट संगणकापाशी गेली.

"कुठं लिवलं हाय? दाखव."

कवडूने ओळ दाखवली. इंग्रजी अक्षरं, तिला काय वाचता येणार! "वाच," ती म्हणाली. त्याने वरच्या टिपांपासून नावांसकट वाचलं, अडखळत. ती बोट लावून उभी होती. 'एक मुलगी गेली' आलं तसं तिने त्याला थांबवलं.

"एक मुलगी म्हंजे कोन?"

कवडूने बाईंकडे पाहिलं.

"कोन एक मुलगी? तिले नाव नव्हतं का? सर घरी येत होते, तिले बेटा म्हनत होते. लिवाच्या टायमाले एक मुलगी झाली काय ती?" कौशल्येचा आवाज चढला. "साऱ्याइचं नाव हाय तुमच्या टिपंत. सरचं हाय, तुहं हाय. माह्या पोरीचं नाही."

"टाक, कवडू," अरुंधतीबाई म्हणाल्या. "'एक मुलगी' काढ आणि नाव टाक."

कवडूने एकेक अक्षर दाबलं. कौशल्या त्याच्या बोटांकडे बघत होती. प्रेमलता लिहून झालं तसा तो म्हणाला, "झालं, मावशी," आणि पाटी चालवून पाहिली. पडदा पुसला गेला. सूची आली, मग बारावं पान, नावं, गट, सहा आकड्यांचे फोन.

"गेलं कुठं?" कौशल्या घाबरून म्हणाली.

"गेलं नाही. आतमंदी हाय. हे पान पाहन त्याले दिसनार नाही. पन जो कोनी पाटी दुरुस्त कराले बसन, इथं, कॉलेजात, कुठंबी, त्याले आधी हे वाचाच लागते."

कौशल्या बाकावर बसली. अरुंधतीबाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या, जरा अंतर ठेवूनच. कौशल्येने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"सरले मी माफ केलं असं समजू नोका, बाई."

"नाही समजत."

कवडूने पहिली कोरी फ्लॉपी खाचेत सरकवली. कौशल्येने पदराने तोंड पुसलं आणि त्याला म्हणाली, "कवडू गा, आता कुलूप लावू नोको याले."