राखणीला ठेवलेले बूट

मित्रांनो, बूट पायात घालायचा असतो. ही काही सांगायची गोष्ट नाही. तरीही माझ्या आयुष्याची शेवटची वर्षं मला कोणी पायात घातलंच नाही. मला दाराबाहेर ठेवलं, खोटं बोलायला. कोणापुढे, आणि त्याची किंमत कोणी मोजली, ते ऐका. मला गोड बोलता येत नाही. मी कारखान्यातल्या कामगाराचा बूट आहे.

मी म्हणजे आम्ही दोघं, डावा आणि उजवा. डावा पहिल्यापासून मुखदुर्बळ, म्हणून बोलायचं काम माझ्याकडे. आमचा जन्म आग्र्याचा. चामडं जाड, सोल जाडजूड पण हलका, आणि बोटांवर आतून लोखंडी टोपी. खोक्यात घालून ट्रकमध्ये चढवलं, ते मुंबई-आग्रा हायवेनं गचके खात थेट नाशिकला उतरवलं. सातपूरच्या एका कारखान्यात कामगारांना बूट वाटले, तेव्हा मी शेखरच्या वाट्याला आलो.

शेखर लेथवर काम करायचा. लोखंडाचा गरम बुरा माझ्यावर उडायचा, कूलंटचं पांढरं पाणी माझ्यात मुरायचं. एकदा वरून जॉब, म्हणजे कातायचा लोखंडी तुकडा, निसटला आणि नेमका माझ्यावर पडला. टोपीला पोचा आला, शेखरची बोटं शाबूत राहिली. फोरमननं मला हातात घेऊन सगळ्या खात्याला दाखवलं, "बघा रे, बूट न घालता कामावर येणाऱ्यांनो!" माझं कौतुक झालं ते तेवढंच. खंडेनवमीला मशीनला झेंडूचा हार आणि नारळ, आणि मला मात्र पूजेच्या रेघेबाहेर काढून ठेवलेलं. माझी तक्रार नव्हती. पाय गरम होता, काम होतं.

मग शेखर रिटायर झाला. शेवटच्या दिवशी मला घालूनच घरी आला आणि मला कपाटाखाली सरकवून दिलं. मी तिथे कोळ्यांच्या जाळ्यात पडून राहिलो.

शेखरचं घर तिसऱ्या मजल्यावर. त्याची बायको उज्वला, तिला दमा. नाशिकची थंडी तुम्हाला ठाऊक आहे. दिवाळी सरली की हिची छाती घरघरायला लागायची, पौष महिन्यात तर बसूनच झोप. त्यांची मुलगी भाग्यश्री ऑस्ट्रेलियात. आपल्याकडे हिवाळा असतो तेव्हा तिथे उन्हाळा. ती म्हणाली, "आईला इकडे घेऊन या, होळीला परत जा." गेले. उज्वलाला तिकडे श्वास मोकळा झाला. मग दर हिवाळ्याला जायचा पायंडाच पडला. त्यात चूक काहीच नाही. आजारी माणसानं ऊब शोधावी, मी त्याच्या आड येत नाही.

पण घराचं काय? पहिल्या वर्षी दाराला भलंमोठं कुलूप लावून गेले. त्याच हिवाळ्यात पलीकडच्या गल्लीत एक बंद घर फुटलं. लगेच सोसायटीच्या ग्रुपवर शहाणपणाचा पूर आला. कुलूप बाहेर दिसू देऊ नका, लॅच लावा. बाल्कनीत टॉवेल वाळत घाला. आणि दाराबाहेर चपला-बूट ठेवा, म्हणजे घरात माणूस आहे असं वाटेल.

पुढच्या हिवाळ्यात शेखरनं कपाटाखालून मला काढलं, फडक्यानं पुसलं. मला वाटलं, चला, कुठेतरी निघालो. निघाला तो. मला दाराबाहेर ठेवलं, घरातला गॅसचा कॉक बंद केला, पाण्याचा बंद केला, फ्रीज रिकामा करून दार उघडं ठेवलं आणि समोरच्या दाराची बेल वाजवली.

समोर ठमाबाई राहायच्या. चांदवडकडच्या, कांदा पिकवणाऱ्या घरातल्या. नवरा शेखरच्याच खात्यात होता, तो वारला. मुलगा राज बंगळुरूला नोकरीला. बाई एकटी, पण मजला तिच्यामुळे जागा होता.

"वहिनी, ही किल्ली. आठवड्यातून एकदा जरा नजर टाका. आणि हे बूट अधूनमधून हलवत जा, नुसते एका जागी दिसले तर लोकांना कळतं."

"आता तुझ्या बुटाला फिरायला नेऊ का भाऊ? साखळी दिलीस का?"

उज्वला हसता हसता खोकली. "ताई, गंमत नाही हो. धूळ बसली की कळतं कोणी नाही ते."

"जा गं तू. श्वास घेऊन ये पोटभर. मी बघते तुझ्या बुटाचं."

आणि तिनं बघितलं. खाली डेअरीवर दूध आणायला जाताना मला उचलून जिन्याच्या कठड्यावर आपटायची, धूळ झटकायची. कधी माझी तोंडं दाराकडे, कधी जिन्याकडे. एखाद्या दिवशी डाव्याला मुद्दाम आडवा पाडून जायची, जणू घाईत काढलाय. तिचं हे नाटक इतकं छान वठायचं की कुरिअरवाला आमच्या दाराशी ताटकळत उभा राहायचा.

युक्ती गाजली. खालच्या मजल्यावरचा दीपक आणि त्याची बायको दीपमाला सुट्टीत गावाला जाताना चपला बाहेर ठेवू लागले. वरच्या मजल्यावरचे दुबईला गेले, त्यांनी सँडल ठेवल्या. सगळ्यांच्या किल्ल्या ठमाबाईंच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला. तिची किल्ली मात्र कोणाकडे नाही. कोणी मागितलीच नाही! सगळ्यांना आपापल्या टीव्हीची आणि फ्रीजची काळजी. म्हातारी काय, ती असतेच.

ह्या इमारतीत दाराबाहेरच्या चपलेला पूर्वी अर्थ होता. चपला आहेत म्हणजे माणूस आहे, माणूस आहे म्हणजे हाक मारा. आता चपला आहेत म्हणजे काहीच नाही. चोर फसले की नाही देव जाणे. शेजारी मात्र पक्के फसले.

गेल्या हिवाळ्यात भोगीच्या सकाळची गोष्ट. निफाडकडे पारा पार खाली गेला होता, द्राक्षवाले बागांत शेकोट्या पेटवत होते. ठमाबाई दूध घेऊन वर आल्या, अंगठ्याची चप्पल दाराबाहेर काढली, मला एक आपटून ठेवलं आणि आत गेल्या. थोड्या वेळानं आतून धप्प असा आवाज आला.

बाथरूममध्ये पाय सरकला होता. खुबा मोडला होता. मोबाईल स्वयंपाकघरात.

त्यांच्या हाका मी ऐकल्या, मित्रांनो. पहिल्यांदा राजला, मग देवाला, मग एकेका शेजाऱ्याला नाव घेऊन. नंतर घसा बसला, तेव्हा प्लास्टिकचा मग बादलीवर आपटायला लागल्या. टक्, टक्. आतलं दार, मधली खोली, बाहेरचं दार, एवढ्यातून गाळून तो आवाज माझ्यापर्यंत येई. माणसापर्यंत तो पोचायचा तर माणसानं दाराला कान लावायला हवा. कोण लावतो?

दुसऱ्या दिवशी संक्रांत. गच्चीवर पतंग आणि स्पीकर, सकाळपासून भिंती हादरत होत्या. दीपमाला तिळगुळाची वाटी घेऊन वर आली. बेल वाजवली. थांबली. पुन्हा वाजवली. खालून दीपकनं विचारलं, "काय गं?"

"उघडत नाहीत. चांदवडला गेल्या वाटतं, म्हणत होत्या परवा, कांदे काढायला घेतलेत म्हणून."

"चपला आहेत ना?"

"अहो, चपला काय, आपणही ठेवतोच की."

आणि गेली. वाटी परत घेऊन गेली. आत बादलीवर मग आपटण्याचा आवाज एकदम वाढला होता, तो नंतर थांबला. मला दात असते तर मी दीपमालेच्या पदराला चावलो असतो. बारकू वॉचमनही गच्चीत मुलांना हुसकायला त्याच जिन्यानं चढला आणि उतरला. त्यानं चपलेकडे बघितलंसुद्धा नाही. बंगळुरूहून राजनं फोन लावला, उचलला गेला नाही. त्याला वाटलं, आई कांद्याच्या वावरात असेल, तिथे रेंज नसते. प्रत्येकाकडे कारण होतं. कारणं सगळ्यांची बिनचूक, आणि बाई ओल्या फरशीवर.

किंक्रांतीला बारकू पुन्हा वर आला. ह्या वेळी हातात मोबाईल, स्पीकर चालू. पलीकडे शेखर, ऑस्ट्रेलियातून.

"बारकू, वहिनी फोन उचलत नाहीत रे. काल उज्वलानं तिळगूळ घ्या म्हणायला केला, आजही नाही. मी म्हटलं चिडल्या असतील. ही ऐकत नाही. जरा दाराशी बघ."

"दाराशीच हाय साहेब. चपला हायेत बाहेर."

"हां, मग घरातच असतील. झोपल्या असतील."

"चपलांचं काय खरं, साहेब? तुमचेबी बूट हायेत की बाहेर. तुम्ही घरात हाय का?"

फोन हिसकावल्याची खरखर झाली. मला वाटलं लाईन गेली. मग उज्वलाचा आवाज आला, "बारकूभाऊ, दार फोडा."

"लोकाचं दार कसं फोडू, ताई? किल्ली कोणाकडं हाय?"

"कोणाकडे..." असं म्हणून ती थांबली. आठवत बसली असेल बिचारी. आठवण्यासारखं काही नव्हतंच. "फोडा म्हणते ना! मी सांगते फोडा! नुकसान झालं तर माझ्या घराचं दार काढून तिथे बसवा!"

बारकूनं दारावर थापा मारल्या, मग कान लावला. आणि त्याचा चेहराच बदलला. "दीपकभाऊ! कटावणी आणा! पळा!"

लॅच तुटायला वेळ लागला, चांगल्या कंपनीचं होतं. आत धावाधाव झाली आणि बारकू ओरडला, "जित्ती हाय! ओ, जित्ती हाय!"

बादलीतलं पाणी पिऊन ती जगली होती. अंगावर ओढून घेतलेला टॉवेल, ओठ निळे. अँब्युलन्सवाल्यांनी स्ट्रेचरवरून बाहेर आणलं, तेव्हा दीपमाला भिंतीला लागून रडत उभी होती. ठमाबाईंनी तिच्याकडे बघितलं. आवाज नव्हताच, नुसती फुंकर.

"बेल तूच वाजवली ना गं? दोनदा वाजवली. मी हाय म्हणत व्हते... हाय म्हणत व्हते."

दीपमाला स्ट्रेचरचा दांडा धरून जिना उतरली.

ऑपरेशन झालं. खुब्यात सळई घातली. राज आला, रजा संपेपर्यंत राहिला, बंगळुरूला चल म्हणाला. "तिथं माझ्याशी कोण भांडंल?" म्हणून बाई काही गेल्या नाहीत, वॉकर घेऊन आपल्याच दारात खुर्ची टाकून बसल्या. होळीच्या आधी शेखर आणि उज्वला परतले. बॅगा जिन्यातच सोडून उज्वला ठमाबाईंच्या गळ्यात पडली. शेखर खाली मान घालून उभा.

"वहिनी, चुकलं आमचं."

"तुझं काय चुकलं? माझ्यासाठी इमानाला काय आभाळात मधीच ब्रेक मारणार व्हता का?"

"पुढच्या वर्षी नाही जाणार."

"आन् हितं हिला रातभर घरघरत बसवणार? तिचा आवाज भिंतीतून येतो मला, झोप लागत नाय. जा की. हवा खायला जाण्यात पाप नाय."

शेखर म्हणाला, "तुमच्या घराची एक किल्ली द्या. मी नसेन तेव्हा दीपककडे ठेवीन."

"मागायला लय वर्षं लागली रे भाऊ," ठमाबाई म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या. पण किल्ली दिली.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं करायचं होतं. शेखर म्हणाला, मी धरतो. घाईत त्यानं मलाच पायात सरकवलं. किती वर्षांनी पाय आला आत! गरम, घामट, ओळखीचा. मला वाटलं मी पुन्हा सातपूरला चाललोय. एका हातानं ठमाबाईंचा दंड धरून शेखर चालू लागला आणि पॅसेजच्या टोकाशी पोचायच्या आत माझा सोल भुगा होऊन गळायला लागला. डाव्याचाही. वरून चामडं ठणठणीत, टोपी शाबूत, आणि खाली नुसता काळा भुसा. न वापरलेला बूट असाच कुजतो, मित्रांनो. वापरला असता तर आणखी टिकलो असतो. शेखरनं आम्हाला तिथेच काढलं आणि अनवाणी तिला फेरी पुरी करवली.

आता मी सुक्या कचऱ्याच्या पिशवीत आहे. घंटागाडी कोपऱ्यावर आल्याचं ऐकू येतंय, म्हणून थोडक्यात सांगतो. परदेशी जा, लेकराकडे जा, थंडीत छाती शेकायला जा. कॉक बंद करा, लॅच लावा, तुम्हाला हवं ते करा. पण घराची राखण बुटाला सांगू नका, आणि ज्या माणसाला सांगता त्याची राखण कोण करतंय ते जायच्या आधी ठरवून जा.

आणि कोणाच्या दाराची बेल वाजवलीत, तर तिळगुळाची वाटी हातात घेऊन लगेच वळू नका. दार उघडलं नाही तर कान लावा. का उघडलं नाही ते कळल्याशिवाय जिना उतरू नका.