म्हस्कूतात्याचं तेल

म्हस्कूतात्याची नात राजनंदिनी शिंकली की वस्तीवरच्या कोंबड्या बाभळीवर चढायच्या आणि इंदापूरच्या एसटीतली माणसं खिडक्या लावून घ्यायची. निदान तात्या तसं सांगायचा. त्याच्या असल्या थापांना गावात गिऱ्हाईक उरलं नव्हतं. सहा वर्षांची राजनंदिनी तेवढी हुंकार द्यायची, तोही दोन शिंकांच्या मध्ये.

बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी पोरीचं नाक-कान तपासून विचारलं, "झोपते कशावर?"

"घोंगडीवर," तात्या छाती काढून म्हणाला. "माझ्या बापाची हाय. इच्चूसुदीक तिला वळसा घालून जातो."

"त्या घोंगडीतल्या धुळीची, डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांची हिला ॲलर्जी आहे. नाक आतून सुजतं. नाकामागून कानात जाणारी नळी बुजते, पडद्यामागं पाणी साचतं. त्यात पू झाला की कान ठणकतो. घोंगडी बंद. औषध मध्येच सोडू नका. आणि कानात तेल घालायचं नाही."

एवढ्यातनं तात्याच्या डोक्यात किडे तेवढे शिरले.

"धनगराच्या पोरीला लोकरीचं वावडं?" स्टँडवर तो सुनेवर उखडला. "बिरोबाम्होरं अंथरतो ती घोंगडी. तिच्यात किडं?"

"मामा, घोंगडी देवाला ऱ्हाऊ द्या. पोरीला गादी बास," रोहिणी म्हणाली आणि घरी आल्याबरोबर तिनं घोंगडी माळ्यावर टाकली.

ती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यावर कामाला गेली की तात्या घोंगडी खाली काढी. पोरगी हसतीखेळती दिसायला लागली, तसं त्यानं औषधही बंद केलं.

एका दुपारी पोरीनं डावा कान धरून आकांत मांडला. तात्यानं गोडेतेलात लसूण कढवली, तेल कोमट केलं आणि कानात सोडलं. पोरगी आणखी किंचाळली. जरा वेळानं कानातनं पिवळी घाण वाहिली आणि पोरगी गप झाली, घोंगडीवरच झोपली.

तात्याला आभाळ ठेंगणं झालं. "डाक्टरनीला जमलं न्हाय ते लसनीनं केलं!" संध्याकाळी पारावर हीच बातमी. कान वाहायचा थांबत नव्हता, म्हणून तो तेल घालत राहिला; आणि पारावर दर खेपेला त्या घाणीत गोम, मग विंचू, मग सापाचं पिल्लू निघत गेलं. ही थाप मात्र लोकांनी उचलली. लासुर्ण्यापर्यंत गेली.

राजनंदिनी पाठमोरी खेळताना हाकेला वळेना, तेव्हा रोहिणीनं तिला पुन्हा बारामतीला नेलं. तात्या मागोमाग गेला.

"पडदा फुटला, आतला दाब गेला, म्हणून ठणका थांबला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तेव्हाच आणली असती तर भोक बहुतेक आपोआप भरलं असतं. तुम्ही त्या भोकातून आत तेल ओतत बसलात. उजव्या कानातही पाणी साचलंय. तो निवळेल, डाव्याचं ऑपरेशन करावं लागेल. तरी किती ऐकू येईल, आज सांगता येत नाही."

रोहिणी भांडली नाही. तिनं बारामतीतच खोली घेतली. निघताना एवढंच म्हणाली, "मामा, तिला गोष्टी सांगू नका. तुमाला वाईट वाटू ने म्हनून ती उगंच हुंकार देती. तिला ऐकूच येत न्हाय."

त्यानंतर तात्या पारावर जाईनासा झाला. एक दिवस वस्तीवरची सरुबाईच दारात आली, काखेत कान धरून रडणारी तिची नात.

"तात्या, ते तुमचं तेल द्या की वाईच."

"तेल न्हाय. हिला आत्ताच्या आत्ता डाक्टरकडं ने."

"आन तुमच्या पोरीला बरं चाललं?"

"न्हाय चाललं. बहिरी झाली ती, सरे."

सरुबाई खो खो हसली. "रोज नवी थाप बगा तुमची! पोरगी तिकडं बारामतीच्या साळंत जाती म्हनं, आन हितं बहिरी? आसं सांगा की, वस्तू देयाची न्हाय."

"बिरोबाची आन, सरे..."

"ऱ्हाऊ द्या. देवाला तरी सोडा." तिनं नातीला दुसऱ्या काखेत घेतलं. "लसूण माझ्या घरात बी हाय."