दसऱ्याचे बारा टॅब

या, असे जवळ सरका. गोष्ट लांब नाही. ठकुबाईची आहे, आणि ऐकल्यावर मन निवेल एवढं नक्की.

अंजूरच्या पुढे, गोदामांच्या पत्र्यांआड उरलेल्या एका गावात ठकुबाई शाळेची खिचडी शिजवायची. वाढण्याआधी चव घ्यायची आणि वहीत सही करायची, असा नियम. त्याच शाळेत शिकणाऱ्या नेत्राची आजी म्हणून ती शाळेच्या समितीतही होती.

शाळेला सरकारकडून बारा टॅब आले होते. फुटले तर जबाबदार कोण, या धास्तीने ते कपाटात गेले. दसऱ्याला तेवढे बाहेर निघत. ठकुबाई पदराने धूळ पुसायची, हळदकुंकू वाहायची, झेंडू ठेवायची. मुलं हात जोडायची. पुन्हा कुलूप. असे तीन दसरे सरले. खिचडीच्या वाफेत तिला कधी वाटे, कपाटात बारा काळी तळी निजलीत आणि कुणी खडा टाकत नाही.

मग एका वर्षी शाळेला बक्षीस मिळायचं होतं. मुलं रोज टॅबवर शिकतात, असं लिहिलेला कागद ग्रामसभेत फिरला. समितीतल्या सगळ्यांनी सह्या केल्या. कागद ठकुबाईपुढे येऊन थांबला. नेत्रा सातवीत, वर्ष संपलं की तिची ही शाळा सुटणार, आणि आजीची समितीही. आणि ठकुबाईचं काम दरवर्षी याच समितीच्या ठरावावर चालायचं.

सरपंच दामूशेठ हसून म्हणाले, "ठकूबाय, तू आपली खिचडी बघ. यातलं तुला काय कळतंय?"

"खिचडीचंच सांगते, शेठ. चव घेतल्याबिगर मी सही केली न्हाय कवा. याची चव पोरांनी घेतलीच न्हाय. नुसता निवद दावलाय."

तिने सही न करता कागद परत सरकवला. मेघालीबाई वर्गशिक्षिका, त्यांनी पर्समधून कपाटाची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

त्या आठवड्यात नेत्रा घरी येऊन सांगू लागली, आजी, बोट टेकवलं की काच उजाडते गं, पहाटेसारखी.

जूनमध्ये समितीने खिचडीला दुसरी बाई घेतली. नेत्रा मोठ्या शाळेत गेली. दसऱ्याला ठकुबाईला बोलावणं नव्हतं. तरी ती फुलं घेऊन गेली. टेबलावर बारा टॅब मांडलेले, काचांवर चिकट बोटांचे ठसे. सवयीने तिने पदर हातात घेतला. मग सोडून दिला, आणि ठसे पुसले जाणार नाहीत अशा बेताने कडेला एकेक झेंडू ठेवला.

दसऱ्याला पाटी पुजाल, तेव्हा एक फूल घटकाभर हातात धरा, आणि आमच्या ठकुबाईला आठवा.