पहिल्या पानावरचा इशारा

टेबलावर पुस्तकांचे गठ्ठे मांडून तोमोएने सवयीने दाराकडे पाहिलं. आखूड पावलं टाकत एक मुलगी आत आली. अमेको नव्हती. गेल्या हिवाळ्यापासून अमेको तिला सगळीकडे दिसायची: उमेदा स्टेशनच्या जिन्यावर, ती कवळ्या बनवायची त्या दातांच्या दवाखान्यात माप द्यायला आलेल्या बायकांत, एकदा तर तिच्याच न्हाणीघराच्या धुरकट काचेमागे. जवळ गेलं की कुणी दुसरीच निघे, नाहीतर कुणीच नसे.

ओसाकातल्या त्या लहानशा सभागृहात आज एकाच कार्टून मालिकेच्या चाहत्यांचा बाजार होता. मालिका दोन सेनापतींची. ती संपून वर्षं लोटली, पण चाहत्यांनी त्या दोघांना सुखाने मरू दिलं नव्हतं. कुणी त्यांचं लग्न लावी, कुणी त्यांना बेकरी काढून देई, आणि त्याची पुस्तकं स्वतःच छापून इथे विकी. तोमोएच्या गोष्टींत एक सेनापती दुसऱ्याला तळघरात कोंडून ठेवी आणि त्याचं शरीर न् मन दोन्ही मोडून काढी. असलं का लिहितेस, असं लोक विचारत. पोटात काहीतरी काळं होतं आणि ते कागदावर उतरलं की झोप लागायची, एवढंच.

पण पहिल्या पानावर ती इशारा द्यायची. इथली रीतच आहे ती. जबरदस्ती, कैद, रक्त, आत जे जे असेल ते आधीच सांगायचं. झेपणार नसेल तर इथूनच मागे फिरा. अमेको चिडवायची, "ताई, तुमचा इशारा गोष्टीपेक्षा लांब झालाय. दारातच चहा पाजून परत पाठवता की काय?" पंचविशीची, बँकेत नोकरी करणारी, दर खेपेला तांदळाची बिस्किटं आणणारी पोर.

मग बाजारानंतरच्या एका जेवणावरून ती घरी निघाली आणि दिसेनाशी झाली. तिच्यावर कुणीतरी जबरदस्ती केली, एवढीच कुजबुज आली. कुणी केली, कुठे केली, याबद्दल कुणी ताकास तूर लागू देईना. इथे कुणी कुणाचं खरं नाव विचारत नाही, 'तोमोए' हेही खरं नव्हे, तेव्हा गुन्हेगार शोधायचा तरी कसा? दोषी मात्र लगेच सापडला. अमेको तोमोएची वाचक होती ना. असलं लिहायचं, असलं वाचायचं, मग दुसरं काय होणार?

सगळ्यांत वाईट म्हणजे तोमोएला ते पटलं होतं. गोष्टीतल्या तळघराची कडी आता तिच्याच डोक्यात सरकायची, भांडी घासताना, कवळीला रंग देताना. तेव्हापासून तिने एक ओळ लिहिली नव्हती.

"झाली का तयारी?" हातोरीसान आले; आदराने सगळे त्यांना 'सान' लावत. बाजाराचे आयोजक, सगळ्यांच्या मते गायीसारखा गरीब माणूस. त्यांच्या गोष्टींत सेनापती सहलीला जात आणि एकमेकांना भाताचे गोळे भरवत; त्यांच्या पुस्तकांना इशाऱ्याची गरज कधी पडलीच नाही. जेवणं लांबली की ते मुलींना आपल्या गाडीतून घरी सोडत, आणि मुली निर्धास्त बसत.

त्यांनी एक कागद पुढे ठेवला. "मीच लिहून आणलंय, तुम्हाला कशाला त्रास. उद्घाटनाला माइकवर एवढं वाचा, पुस्तकं मागे घ्या, विषय संपला."

माझ्या लिखाणामुळे एका वाचक मुलीवर वाईट प्रसंग ओढवला, मी सर्वांची माफी मागते, असं त्यात होतं. तोमोएने होकारार्थी मान हलवली, तसे हातोरीसान माइककडे निघून गेले. तिला सुटल्यासारखंच वाटलं.

"ताई."

केस कापलेले, गालफडं बसलेली. तोमोए दर वेळी तिला टेबलाचा जादा पास पाठवायची, तो हातात धरून अमेको उभी होती. तोमोएने आधी तिच्या मनगटाला बोट लावून पाहिलं. मनगट कोमट होतं.

"मीच आहे. बिस्किटं नाही आणली या वेळी," असं म्हणत अमेकोने कागद उचलून वाचला. "हे कुणी लिहिलं?"

"हातोरीसाननी."

अमेकोने कागद खाली ठेवला. "त्या रात्री गाडीत त्यांनी विचारलं, तोमोएची कुठली गोष्ट आवडते. मी खुळी, भरभरून सांगत बसले. मग दारं लॉक केली. म्हणाले, असलं आवडीने वाचतेस, मग आता रडतेस कशाला?"

"म्हणजे माझ्यामुळेच..."

"गप्प बसा हो जरा." ती चिडली होती. "तुमचं तळघर सहन झालं नाही की मी पुस्तक पालथं घालायचे, नूडल्स करून खायचे. वाटलं तर परत उघडायचे. तो सेनापती शाईचा आहे, ताई. गाडीत मी होते. आणि मी नको म्हटलं होतं."

"तू बोलली का नाहीस?"

"कुणाला सांगू? मी तुमची वाचक, आणि ते भाताच्या गोळ्यांचे लेखक."

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि इथे संन्यासी स्वतःच दोर वळत बसला होता. पुस्तकावरचा इशारा सगळ्यांनी माणसावरचा समजला होता. ज्याच्या पुस्तकावर तो नाही, त्याच्याबरोबर खुशाल जावं. तोमोएने रागाने माफीचा कागद चुरगळला.

"मी सांगू?"

अमेकोने डोळे मिटले. "माझं नाव नको. बाकी सांगा."

उद्घाटनाला हातोरीसाननी तिच्या हाती माइक दिला. "मला माफी वाचायला दिलीय," तोमोए म्हणाली. "वाचणार नाही. माझी पुस्तकं काळी आहेत, नको असतील तर उघडू नका. पण जे घडलं ते पुस्तकात घडलेलं नाही. हातोरीसानच्या गाडीत घडलंय. ते त्यांनी केलंय."

हातोरीसाननी हळूच माइक काढून घेतला. "तोमोएसानना बरं नाहीये," ते मायेने म्हणाले. "लिहिणाऱ्यांचं होतं असं. कल्पना कुठली न् खरं कुठलं, कळेनासं होतं. चला, बाजार सुरू करू या."

सुरुवातीला टाळ्या वाजवायच्या असतात, तशा लोकांनी वाजवल्या, सुटका झाल्यासारख्या, जरा जोरातच. तोमोएला वाटलं, आता अमेको पुन्हा नाहीशी होईल.

समोरच्या टेबलावर सेनापतींच्या बेकरीच्या गोष्टी विकणारी मुलगी तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. ती खुर्ची सारून उठली, गर्दीतून वाट काढत आली आणि अमेकोच्या शेजारी उभी राहिली.

"मार्चमध्ये मलाही सोडलं होतं त्यांनी घरी. दारं लॉक करून," ती म्हणाली.