दोनाने भागायचं राहिलं

मी अकरावीच्या भौतिकशास्त्राचं एक जुनं पुस्तक आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर आता फार दमलो आहे. पाठीची शिवण उसवली आहे. पहिल्या पानावर कर्जतच्या एका कॉलेजच्या पुस्तकपेढीचा जांभळा शिक्का आहे आणि त्याखाली, 'पुस्तकावर काहीही लिहू नये.'

छापखान्यातून बाहेर पडलो तेव्हा मला कोण गर्व! सगळे नियम माझ्या पोटात, सगळी उत्तरं माझ्या शेवटच्या पानांत, आणि तीही इंग्रजीत. सरांनी मला हातात धरून वर्गाला दाखवलं होतं. मग दरवर्षी नव्या नावावर चढायचं, डब्यातल्या भाजीचं तेल प्यायचं आणि उन्हाळ्यात परत कपाटात यायचं, हेच माझं आयुष्य झालं.

तिसऱ्या वर्षी मी कुंभिवलीच्या रूपेशकडे गेलो. त्याच्या वडिलांचं हायवेला गॅरेज होतं. माझ्या कोपऱ्यांवरचे काळे ठसे त्याचेच. या पोराने शिक्क्याला भीक घातली नाही. माझं इंग्रजी त्याला कळेना, म्हणून त्याने समासात पेन्सिलीने मराठीत लिहिलं. टॉर्कच्या धड्याशेजारी, 'पाना लांब धरला की नट लवकर सुटतो, तेच हे.' मला भयंकर राग आला.

पुढे तर त्याने माझी चूकच काढली. सेकंदाला १९.६ मीटर वेगाने सरळ वर फेकलेला दगड किती उंच जाईल? मी उत्तर छापलं होतं ३९.२ मीटर. रूपेशने दोन दिवस डोकं खाजवलं आणि खाली लिहिलं, '१९.६ बरोबर. यांचं दोनाने भागायचं राहिलं.' तिथं माझा गर्व उतरला तो उतरलाच.

यंदा मी कशेळ्याच्या झिनतच्या नावावर आलो. ती दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. गावात फिजिक्सचा क्लास नाही. ज्या रूपेशला तिने कधी पाहिलं नव्हतं, ज्याचं फक्त नाव-गाव माझ्या पहिल्या पानावर वाचलं होतं, त्याची पेन्सिल हीच तिची मास्तर झाली.

पण यंदाच माझी सुधारित आवृत्ती निघाली होती आणि पुस्तकपेढीत ती अजून आली नव्हती. पहिल्या चाचणीला सरांनी सातवा धडा सांगितला. नव्या पुस्तकात सातवा धडा उष्णतेचा, माझ्यात प्रकाशाचा. झिनतने माझा सातवा धडा घोकला. पंचवीसपैकी तीन मिळाले.

त्या संध्याकाळी तिची अम्मी म्हणाली, "नाय झेपत तं सोड गं सायन्स. अजून आर्ट्सला बदलून देतात म्हनं."

"अम्मी, दुसऱ्या चाचणीपर्यंत थांब. त्यात नापास झाले तं मीच सोडीन."

आठवड्याने पुस्तकपेढीच्या खिडकीत गजाभाऊंनी सांगितलं, "नवी आवृत्ती आली हाय. जुनं जमा कर, तवाच नवं मिळंल. एका नावावर एकच पुस्तक."

"जुन्याचं काय करता?"

"रद्दीत जातंय. शनवारी टेंपो येनार हाय."

झिनतने मला छातीशी धरलं. धडे हवेत तर नवं, पेन्सिल हवी तर जुनं. "गजाभाऊ, एक दिवस दोन्ही द्या ना!"

"नियमात बसत नाय." मग त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. "घे नवं. जुनं उद्या अकराला आन. बारा नाय वाजू द्यायचे."

घरी तिने आम्हा दोघांना चटईवर शेजारी ठेवलं. नवं पुस्तक कोरं, करकरीत. त्याच्या शेजारी मला माझीच लाज वाटली. झिनत रूपेशची एकेक ओळ त्याच्या समासात उतरवू लागली. टॉर्क, नट, पाना, सगळं. मग दगडाचं गणित आलं. नव्यात उत्तर १९.६ असंच छापलं होतं. उतरवायला काही नव्हतंच. ती आता पान उलटणार, असं मला वाटलं.

तिने पेन्सिलीला टोक काढलं आणि लिहिलं, 'जुन्या पुस्तकात इथं ३९.२ होतं. दोनाने भागायचं राहिलं होतं. का भागायचं ते स्वतः काढून बघा. रूपेश, कुंभिवली. झिनत, कशेळे.'

दुसऱ्या दिवशी अकराला मी गठ्ठ्यात गेलो. शनिवारचा टेंपो पुढच्या शनिवारीही आला नाही, म्हणून मला शेवट तरी ऐकायला मिळाला. झिनत धापा टाकत खिडकीशी आली. "पंचवीसपैकी सतरा, गजाभाऊ!"

गजाभाऊंनी तिच्या हातातलं नवं पुस्तक उघडलं. "ह्ये काय लिवलंस गं? शिक्का वाचता येत नाय?"

"येतो ना. पन पुढच्या पोरीला इंग्रजी आलं नाय तर?"

गजाभाऊ बराच वेळ वाचत राहिले. मग त्यांनी पुस्तक तिला परत दिलं.

मित्रांनो, पुस्तकाला कव्हर घाला, तेलाचा डबा दूर ठेवा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी थकलेला आहे, एवढंच मागतो. आमच्यात चूक सापडली तर गुपचूप पान उलटू नका. पेन्सिलीने, बारीक अक्षरात, पुढच्यासाठी लिहून ठेवा. मी कित्येक मुलांना खोटं उत्तर पढवलं आणि मला एकानेच अडवलं.

आज टेंपो आला आहे. गजाभाऊ गठ्ठ्याची सुतळी आवळत आहेत. माझं ३९.२ माझ्याबरोबर चाललं आहे. रूपेशची ओळ मात्र मागे राहिली आहे.