गाडीखान्यातले चाळीस पेशंट

दवाखान्यातली मावशी त्या सकाळी उठली ती पदर खोचूनच. नवी डॉक्टरीण दवाखाना बघायला येणार होती. पसंत पडला तर राहणार, नाहीतर आल्या पावली परत. मोठ्या डॉक्टरांनी सत्तरी ओलांडली होती, टाके घालताना हात थरथरायचा आणि महिनाअखेरीला ते घरी बसणार हे ठरलेलं. मग दाराला कुलूप. पुढचा डॉक्टर बसने दोन तासांवर.

आधी तिघे येऊन गेले होते. तिसरा तर जेवणाचा डबा न उघडताच पळाला. त्याचं चुकलं असं मावशीला वाटत नव्हतं. ओसरीवर पहाटेपासून नंबरासाठी चपलांची रांग लागायची. शंभरावर जोड, त्यांच्यामागे तितकी कण्हणारी तोंडं, शिवाय दोन दिवसांत गुण आला नाही की दमदाटी करायला नातेवाईक वेगळे. बत्तीस वर्षं इथली फरशी पुसणाऱ्या मावशीने मग डोकं लढवलं. दुसरीपर्यंत शिकलेलं का असेना, डोकं तिचं होतं.

तिने रुग्णवाहिका गाडीखान्यातून काढून, धुऊनपुसून पुढच्या दारात उभी करवली आणि तोवर आलेले चाळीस पेशंट मागे गाडीखान्यात कोंबले, चपलांसकट. बोलायचं नाही, खोकायचं नाही, बाईंनी होकार दिला की कडी काढते, असा दम भरला. सुतारकाका काहीतरी सांगू बघत होते. त्यांना तर तिने सगळ्यांत आधी गप्प केलं, कारण त्यांचं गाऱ्हाणं चहा थंड झाला तरी संपत नसे.

डॉक्टरीण आली. काटकुळी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, मोठ्या रुग्णालयात सलग छत्तीस तासांच्या पाळ्या करून पिचलेली. लखलखती फरशी बघितली, रिकामी बाकं बघितली. मावशीच्या पोटात आनंद मावेना. रिकाम्या ओसरीचं कोडं मोठ्या डॉक्टरांनाही सुटलं नव्हतं.

"छान आहे हो सगळं," डॉक्टरीण म्हणाली. "पण इथे माझं काय काम? तिकडे एकेका खाटेवर दोघं झोपतात. मी आपली तिकडेच बरी."

तिने पर्स उचलली आणि मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. खरं सांगावं तर नाक कापलं जातंय, लपवावं तर दवाखाना जातोय. तिने नाकावर पाणी सोडलं. बाईंचं मनगट धरून त्यांना ओढतच मागे नेलं आणि कडी काढली.

दाबून धरलेला चाळीस जणांचा खोकला एकदम बाहेर पडला. बाईंभोवती गराडा पडला. सुतारकाका मात्र कोपऱ्यात बसूनच होते, सदरा घामाने चिंब, मूठ छातीवर.

"कधीपासून दुखतंय?"

"सकाळपासून. मावशी गप्प बसा म्हणाल्या."

मावशीने गराडा मागे हटवून वाट केली. बाईंनी पर्स तिथेच टाकली. चौघांनी काकांना उचलून टेबलावर ठेवलं, यंत्राच्या तारा लागल्या, कागदावर वेड्यावाकड्या रेघा निघाल्या, गोळी चघळायला दिली गेली. मोठ्या डॉक्टरांनी सुई धरली, हात थरथरला, तशी त्यांनी ती निमूट पुढे केली. बाईंनी एका दमात शीर पकडली. नशिबाने गाडी दारातच होती. मोठे डॉक्टर काकांबरोबर चढले आणि भोंगा वाजवत गाडी सुटली.

मागे उरले एकोणचाळीस आणि एक डॉक्टरीण. तिने बाह्या सरसावल्या. कोणाला आधी आत सोडायचं, हे मावशी नुसत्या चेहऱ्यावरून ओळखत होती, आणि आज ती कोणालाही अर्ध्यावर गप्प करत नव्हती. दुपारी फोन आला, काका वाचले. मावशीने तोंड फिरवून डोळे पुसले आणि डबा बाईंपुढे आपटला.

"आधी जेवा. तोवर दारात मी बसते. यम आला तरी नंबर लावील."

बाईंनी झाकण उघडलं. "मावशी, उद्यापासून एकही पेशंट माझ्यापासून लपवलात, तर गाठ माझ्याशी आहे."

मावशी ओसरीवर आली आणि ओरडून सगळ्यांना सांगितलं की उद्याच्या चपला सरळ रेषेत लावा, बाईंना वाकडी रांग चालत नाही.