दोनदा गाळलेली अक्षरं

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, आणि पोटच नसल्यामुळे भूकही लागत नाही. तरी जन्मभर मी ओझी वाहिली. मी अक्षरांचा एक जुना हमाल आहे. रंगांच्या एका कारखान्यात, कचेरीतल्या संगणकाच्या आत माझं बिऱ्हाड. माणसं मला प्रोग्रॅम म्हणतात. म्हणोत बापडी.

माझं काम सोपं आहे. संगणकाला अक्षर कळत नाही, फक्त आकडा कळतो. जुन्या संगणकात प्रत्येक अक्षराचा एक आकडा ठरलेला होता. नवा संगणक आला तो स्वतःचे आकडे घेऊन. तुमचा वर्ग बदलला की हजेरीचा नंबर बदलतो ना, तसंच. मूल तेच, नंबर निराळा. मी जुना आकडा उचलतो आणि तिथे नवा ठेवतो. मी नसलो तर 'निळा' लिहिलेल्या जागी पडद्यावर किडेमुंग्यांची वरात निघते.

मला लिहिलं आत्याने. कारखान्याचे मालक आण्णा, त्यांची ही धाकटी बहीण. तिने मला पहिल्याच दिवशी बजावलं, "अनोळखी अक्षर आलं तरी हाकलायचं नाही. गळ्यात चिठ्ठी अडकवून तसंच पुढे न्यायचं." मी ते पाळलं. गिऱ्हाइकांची नावं, डब्यांवरचा मजकूर, सगळं वाहिलं. एकदा तर इतक्या जोरात धावलो की संगणकाचा पंखा गरगरला आणि टेबलावरचे कागद छताला जाऊन चिकटले. दोन अजून तिथेच आहेत. खोटं वाटत असेल तर शिडी आणा.

मग सगळं नव्या संगणकावर गेलं आणि मला कुणी विचारेना. राहिला होता एकच मजकूर, आण्णांच्या रंगांच्या कृती. त्या त्यांच्या खोलीतल्या जुन्या संगणकात होत्या. त्याला ते कुणाला हात लावू देत नसत, आणि खास रंग स्वतःच कालवत.

आण्णा गेले, तेव्हा मुलांच्या दवाखान्यातली एक लांब भिंत अर्धी रंगवून झाली होती. रंगाचं नाव पहाटनिळा. आणलेले डबे संपले. ताईने, म्हणजे आण्णांच्या लेकीने, अंदाजाने नवे डबे कालवून पाहिले. निळा होई, पण भिंतीवर लावला की मलूल. रंगारी म्हणाला, "ताई, एका डोळ्यात काजळ घातल्यासारखी दिसतेय भिंत. मुलं रोज विचारतात, पुढची पहाट कधी होणार? मी काय सांगू?"

तेव्हा दादाला माझी आठवण झाली. दादा म्हणजे ताईचा भाऊ, कचेरी सांभाळणारा. त्याने आण्णांच्या कृती माझ्या पाठीवर दिल्या. मी झटक्यात बदलून दिल्या. आणि त्याने त्याच पुन्हा माझ्या पाठीवर ठेवल्या!

का, तर घरचा नियम. या कारखान्यात रंग दोनदा गाळतात, आधी जाड जाळीतून, मग बारीक. आण्णांचं ब्रीदच होतं, 'दोनदा गाळा, डोळे मिटून भिंतीला लावा.' दादाने अक्षरंही दोनदा गाळली. मला काय कळणार? मी हमाल. नव्या आकड्यांना जुने समजून पुन्हा बदलत सुटलो. पडद्यावर किडेमुंग्या. पहिल्या खेपेची नीट अक्षरंही त्यांच्याखालीच पुसली गेली. आणि काम झालं म्हणून दादाने जुना संगणक पुसून भंगारात देऊनही टाकला होता.

"बाबांचं सगळं गेलं," ताई खुर्चीत बसत म्हणाली.

"असं कसं जाईल?" दादा म्हणाला. "हा कचरा साफ करून बघतो. साफसफाईचं बटण आहे इथे. वाचता येत नाही त्या प्रत्येक खुणेच्या जागी प्रश्नचिन्ह टाकतं. उरेल ते वाचू."

मित्रांनो, मला घसा असता तर मी बोंब ठोकली असती. प्रश्नचिन्हातून अक्षर परत येत नाही. कोळशाचं परत लाकूड होतं का?

ताईने आत्याला बोलावून घेतलं होतं. दारात चप्पल काढता काढताच ती ओरडली, "हात लावू नकोस, शहाण्या! कचरा नाहीये तो. तुझ्या बापाची अक्षरं आहेत, उलटे कपडे घालून उभी."

"अगं आत्या, पण मी नियमाने दोनदाच..."

"आंघोळ कर दोनदा. सरक तिकडे."

तिने आधी त्या किडेमुंग्यांची एक प्रत बाजूला ठेवली. मग मला उलट्या पावलांनी, फक्त एकदा, म्हणजे जादा झालेल्या खेपेपुरतंच, चालवलं. मी कुणालाच हाकललं नव्हतं, म्हणून सगळे परत आले. गळ्यातल्या चिठ्ठ्यांसकट.

ताईने पडद्याला नाक लावून वाचलं, "पहाटनिळा. निळी पूड, पांढरी पूड, अळशीचं तेल, शेवटी चिमूटभर अभ्रकाची चुरी. हा रंग एकदाच गाळावा. बारीक जाळीत चुरी अडकते आणि पहाट विझते."

आत्या दादाकडे बघून म्हणाली, "घ्या. ब्रीदवाल्यानेच एका रंगाला सूट दिली होती."

दादा इतका हसला की डोळे पुसायला लागला. ते पुसणं हसण्याचंच होतं असं मी नाही म्हणणार.

भिंत पुरी झाली. रंगारी सांगत होता, जोड कुठे आहे ते त्यालाही सापडत नाही.

मित्रांनो, मी आता पुन्हा कोपऱ्यात पडून आहे, तक्रार नाही. मागणं एवढंच आहे. काही वाचता आलं नाही तर त्याला कचरा म्हणू नका. पुसण्याआधी एक प्रत ठेवा आणि लिहिणाऱ्याच्या घरी विचारा. कुणाची तरी पहाट आत उलटे कपडे घालून उभी असेल.